रिटायर्ड पोलीस वडील गेल्यावर काय काय करायचं : कागद, ट्रंक आणि त्यांची नोकरी

आमचे अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. मुंबई पोलीस. १९७८ ला नायगावच्या मैदानावर धावून शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले आणि २०१६ ला ५८ व्या वर्षी रिटायर. ते गेल्यानंतरचे सहा महिने मी आणि आई ऑफिसांच्या चकरा मारत होतो आणि तेव्हा कळलं की पोलिसाच्या घरच्यांनी नेमकं काय करायचं हे एका जागी कुठेच लिहिलेलं नाहीये, जो तो आपापल्या परीने धडपडतो, म्हणून लिहितेय. आणि एक गोष्ट आधीच सांगते, पेन्शनचे कागद कसेही करून होतातच, पण माणसाची ३८ वर्षांची नोकरी घरात कुणालाच माहीत नसते आणि ती सांगू शकणारी माणसं फक्त पहिल्या तेरा दिवसांत तुमच्या दारात येतात, नंतर येत नाहीत. त्यामुळे दोन्ही कामं एकदम सुरू करा.

पहिलं मृत्यूची नोंद. हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर हॉस्पिटल महापालिकेला कळवतं, घरी गेले असतील तर फॅमिली डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून दिलेलं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय स्मशानात पुढचं काम होत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला पाहिजे, त्यानंतर लेट फी, ३० दिवसांनंतर अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर, म्हणजे तिथपर्यंत जाऊच देऊ नका. पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर जो फॉर्म पुढे करतात ना, त्यावर सही करायच्या आधी नाव वाचा. पूर्ण वाचा, वडिलांच्या वडिलांचं नावसुद्धा. रात्री तीन वाजता आपल्याला काही सुचत नसतं, माझ्या भावाने सही केली आणि अण्णांच्या नावात एक काना जास्त पडला, त्या एका कान्यासाठी आम्ही अडीच महिने फिरलो. एका चुलत भावाला किंवा शेजाऱ्याला हे एकच काम द्या, आधार कार्ड हातात धरून फॉर्म तपासायचा. आणि दाखल्याच्या प्रती एकदमच दहा तरी काढून ठेवा, ओरिजिनल. प्रत्येक जण ओरिजिनल मागतो.

दुसरं म्हणजे पेन्शनचं खातं. गेल्यानंतरही ट्रेझरीला कळवलं नाही तर पुढच्या महिन्याचं पेन्शन नेहमीसारखं जमा होतं. ते काढू नका. एटीएम कार्ड आणि पिन घरात सगळ्यांना माहीत असतो, दिवसकार्याला खर्च असतो, हात जातोच. पण मृत्यूच्या तारखेपर्यंतचंच पेन्शन त्यांचं, त्यानंतरचं सरकार परत घेतं, आणि ते वसूल होईपर्यंत आईच्या फॅमिली पेन्शनची फाईल अडकून बसू शकते. आम्ही दहाव्याच्या आधीच साधं पत्र दिलं, बँकेत एक आणि ट्रेझरीत एक, पोच घेऊन. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, नुसती सही नाही.

मुंबईतून पेन्शन घेत असतील तर ट्रेझरी म्हणजे अधिदान व लेखा कार्यालय, वांद्रे पूर्वेला बीकेसीत लेखा कोष भवन आहे तिथे. बाकी जिल्ह्यांत जिल्हा कोषागार. पुष्कळ पोलीस लोक रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून डोंबिवली, बदलापूर, पनवेल नाहीतर थेट गावी जातात पण पेन्शन मुंबईतूनच चालू ठेवतात, तेव्हा राहतो तिथल्या ऑफिसात जाऊन उपयोग नाही, आधी पीपीओ बघा.

पीपीओ हा शब्द पाठ करून घ्या. पेन्शन पेमेंट ऑर्डर. महालेखापालांच्या ऑफिसातून आलेली असते, त्यावर नंबर असतो, आई-वडिलांचा जोडफोटो असतो, आणि फॅमिली पेन्शन कुणाला व किती हे त्यातच लिहिलेलं असतं. आईचं नाव त्यात असेल तर अर्धं काम तिथेच झालं. अर्ज, पीपीओची घरातली प्रत, मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन, पासबुक, फोटो, सह्यांचे नमुने आणि अंगावरची ओळखीची खूण, एवढं लागतं. आई सही करत नसेल तर अंगठ्याचे ठसे. आणि आईला सोबत घेऊन जा. तब्येत फारच नाजूक असेल तर आधी फोन करून किंवा स्वतः जाऊन विचारा, सोय करतात.

रक्कम किती हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि विचारायची लाज वाटते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फॅमिली पेन्शन साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतं आणि त्यावर महागाई भत्ता. रिटायरमेंटनंतर गेले असतील तर काही काळ वाढीव दराने मिळतं, सात वर्षं किंवा ते हयात असते तर ६५ वर्षांचे झाले असते ती तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. आमचे अण्णा ६५ ओलांडून गेले त्यामुळे आईला साधा दरच लागू झाला. आणखी एक, अण्णांनी रिटायर होताना पेन्शनचा काही भाग विकला होता, ज्याला कम्युटेशन म्हणतात, तर आईला वाटत होतं की ती कपात आता तिच्या पेन्शनमधून चालू राहणार. नाही राहत. फॅमिली पेन्शनमधून तो भाग कापत नाहीत. हे मी तिला तीनदा सांगितलं तरी पहिला महिना जमा होईपर्यंत तिला पटलं नव्हतं. घरात कमवू न शकणारा दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असेल तर आईच्या नंतर त्यांना हयातभर मिळू शकतं, त्याची नोंद आत्ताच करून ठेवा, तेव्हा धावपळ नको.

नाव जुळत नसेल तर? पोलिसांच्या घरात हे फार होतं कारण जुन्या सेवापुस्तकात बायकोचं नाव नवऱ्याने तोंडी सांगितलेलं असतं, गावाकडचं हाक मारायचं नाव, आणि आधारवर लग्नात बदललेलं. आमच्याकडे तेच झालं. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, सोबत लग्नाचा किंवा शाळेचा जो मिळेल तो पुरावा, आणि टेबलावरच्या माणसाला आधीच विचारून घ्यायचं की तुम्हाला नेमकं काय चालेल. आम्हाला जे साहेब भेटले ते शांतपणे कागदावर लिहून द्यायचे काय काय आणायचं, त्यांच्यामुळे दोन चकरा वाचल्या. आणि दर वर्षी नोव्हेंबरमध्ये आता आईच्या नावाने हयातीचा दाखला द्यायचाय, तो पहिल्याच वर्षी विसरला जातो, कॅलेंडरवर लिहा. मोबाईलवरून जीवन प्रमाण या सरकारी अॅपनेही होतो.

गावी जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद, तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. पतसंस्थेचे शेअर्स आणि ठेव असते, ते पासबुक बहुतेक ट्रंकेत सापडतं. अण्णांचं सिम कार्ड लगेच बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावर येतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना बातमी कळली नाही ते जुने सहकारी त्याच नंबरवर फोन करतात. मी सहा महिने तो फोन पर्समध्ये चार्ज करून ठेवला होता. एका दुपारी नाशिकहून एकांचा आला, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला.

आता ट्रंक. प्रत्येक पोलिसाच्या घरात एक असते, पत्र्याची, वर बक्कल नंबर, म्हणजे त्यांचा खात्यातला नंबर, रंगवलेला. घाईत उघडू नका, चार माणसं जमलेली असताना तर नकोच. आमच्या ट्रंकेत होतं ते असं, एक जोडी गणवेश नॅप्थलिनच्या गोळ्या घालून घडी केलेला, दोरीसकट शिट्टी, पितळी बक्कल, बेल्ट, पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह जे १ मे ला जाहीर होतं त्याचं सर्टिफिकेट, खिशात मावतील अशा अकरा डायऱ्या, आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ते म्हणजे आमच्या शाळेच्या फीच्या पावत्या, पहिलीपासूनच्या.

गणवेशाचं काय करायचं ते नीट वाचा. भंगारवाल्याला, भांडेवालीला किंवा कुठल्या संस्थेला जसाच्या तसा देऊ नका. पोलिसाचा वेश घालून लोकांना फसवणारे असतात, तो गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं १७१ कलम होतं, आता न्याय संहितेचं २०५, आणि आपल्या बापाच्या कपड्यातून कुणी तसं करावं असं आपल्याला चालेल का. ठेवायचा असेल तर ठेवा, नाहीतर स्टार, रिबन, नेमप्लेट, बटणं काढून घ्या आणि कापड कापून टाका. आयकार्ड कुणाच्या हाती देऊ नका. घरात लायसन्सचं रिव्हॉल्व्हर असेल, काही अधिकाऱ्यांकडे असतं, तर त्याला हातही न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि जमा करून पावती घ्या, पुढे वारसाच्या नावाने लायसन्सचा अर्ज करता येतो पण तोवर ते घरात ठेवणं कायद्याने बरोबर नाही.

डायऱ्यांबद्दल मी फार गंभीरपणे सांगतेय. त्यांत बंदोबस्ताच्या नोंदी असतात, उसने दिलेले पैसे असतात, आणि खबऱ्यांची नावंही असू शकतात. खबरी अजून जिवंत असू शकतो. त्याची मुलंबाळं त्याच वस्तीत राहत असतील. म्हणून पानांचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तपासाचे कागद, पंचनाम्याच्या प्रती, जबाब असं काही सापडलं तर ते ज्या पोलीस ठाण्याचं आहे तिथे नेऊन द्या, उगाच जाळू नका. आम्ही डायऱ्या आमच्या एका काकांसमोर बसून वाचल्या, अण्णांच्याच बॅचचे, त्यांनी पेन्सिलने चार-पाच ठिकाणी खूण केली आणि म्हणाले, पोरी हे एवढं खोडून टाक. मी विचारलं नाही का ते.

यातूनच दुसऱ्या कामाकडे येते, म्हणजे त्यांची नोकरी गोळा करणं.

पोलिसाला घरी येऊन बोलायची सवय नसते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो, १६० चौरस फुटांची खोली, बारा तासांची ड्युटी, देवनारला आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा अण्णांचं रिटायरमेंटचं वर्ष होतं. ते यायचे तेव्हा आम्ही झोपलेलो, जायचे तेव्हाही झोपलेलो. गणपतीत तर अकरा दिवस दिसायचेच नाहीत, आमच्या घरचा गणपती दर वर्षी मामाने विसर्जन केलाय. त्यामुळे "अण्णांनी नोकरीत काय केलं" असा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मी फक्त पोलीस स्टेशनांची नावं सांगितली असती, तीही अर्धवट.

तर दहाव्या-तेराव्याला जे सहकारी येतात, त्यांना चहा देऊन रवाना करू नका. एक वही ठेवा. कुणाचं नाव, कुठल्या पोलीस ठाण्यात सोबत होते, कुठल्या सालात, फोन नंबर. एवढं चार रकान्यांत लिहून घेतलं तरी नंतर एकेकाला फोन करता येतो. आणि विचारताना "कसे होते हो आमचे अण्णा" असं विचारू नका, त्यावर सगळे एकच उत्तर देतात, फार चांगले, फार प्रामाणिक. जागा आणि तारीख विचारा. पोलिसांची आठवण बंदोबस्ताने लागते. १२ मार्च १९९३ ला तुम्ही दोघं कुठे होता? २६ जुलैच्या पावसात ड्युटी कुठे होती? २६/११ च्या रात्री कुठल्या नाक्यावर उभे केले होते? असं विचारलं की माणूस एकदम सरळ बसतो आणि सांगायला लागतो.

बॉम्बस्फोटाच्या दिवशी अण्णा वरळीला सेंच्युरी बाजारपाशी होते हे मला तेराव्याच्या दिवशी कळलं. मी तेव्हा चौथीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, दोन दिवसांनी आले आणि बूट दाराबाहेर काढून ठेवले, आत आणले नाहीत, मी धुवायला घेतले तर ओरडले माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी बूट तिथे नव्हते. नवीन जोड मिळेपर्यंत कुणाचे तरी मागून घातले. एवढंच, तिलाही त्यापुढचं माहीत नाही. काका म्हणाले की पायाखाली सगळी काच होती. आणि काच म्हणून थांबले.

दुसरा खजिना म्हणजे सेवापट. त्यात नेमणुका, बदल्या, शिक्षा आणि बक्षिसं ओळीने लिहिलेली असतात. घरी प्रत नसेल तर शेवटच्या नेमणुकीच्या ऑफिसात लेखी अर्ज देऊन मागा, मिळायला वेळ लागेल पण मागा. बक्षिसांचा रकाना वरवर बघू नका. अण्णांच्या सेवापटात २५ रुपये, ५० रुपये, १०० रुपये अशी पानभर बक्षिसं होती आणि आम्ही मुलं ते बघून म्हणालो, एवढेसेच? तेव्हा काकांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. हे २५ रुपये म्हणजे लोकलच्या दारातून उडी मारून पाकीटमार धरला तेव्हाचे, त्यात गुडघा गेला तो शेवटपर्यंत दुखत होता. हे ५० म्हणजे हरवलेली मुलगी, दोन रात्री व्हीटीला प्लॅटफॉर्मवर बसून राहिलो होतो आम्ही. हे १०० त्याचं मला आठवत नाही, पण साहेबांनी हजेरीत सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं. गुडघा दुखतो म्हणून अण्णा जिना चढायला कुरकुर करायचे, आणि मी म्हणायचे वजन कमी करा. ती ओळ ऐकल्यापासून मला ते फार लागलंय.

शिक्षांचा रकानाही असतो. लपवू नका. आमच्यात एक आहे, हजेरीला उशीर, एक वर्षाची वेतनवाढ रोखली. तारीख बघितली तर माझ्या भावाच्या जन्माच्या दुसऱ्या दिवसाची. आईला हे माहीत होतं आणि अण्णांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं.

श्रद्धांजली लिहायची वेळ आली, पेपरात किंवा बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा तेराव्याला वाचायला, तर कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, मनमिळाऊ हे शब्द आधी बाजूला ठेवा. भरतीचं साल लिहा. बक्कल नंबर लिहा, जुन्या लोकांना नावाआधी नंबर आठवतो, आमच्याकडे दोन जण फक्त नंबर वाचून आले. पोलीस ठाणी क्रमाने लिहा. मग एकच प्रसंग, जो तुम्ही दोन माणसांकडून ऐकलाय, एकाकडून नाही, कारण एवढ्या वर्षांनी प्रसंग एकमेकांत मिसळतात. कुठल्या केसमधल्या आरोपीचं किंवा फिर्यादीचं नाव घालू नका, त्यांचीही घरं आहेत. फोटो गणवेशातला असावा असं सगळ्यांना वाटतं, ठीक आहे, पण आम्ही आईच्या आग्रहाने बनियनवर बसून कांदा चिरतानाचा पण ठेवला होता, आणि त्याच्यासमोरच लोक जास्त वेळ उभे राहिले.

मानवंदनेबद्दल विचारतात म्हणून सांगते. ड्युटीवर असताना जे जातात त्यांना खातं सलामी देतं. तुकाराम ओंबळे एएसआय म्हणजे सहाय्यक फौजदार होते, २६/११ ला गिरगाव चौपाटीला कसाबची रायफल धरून ठेवली, त्यांना अशोक चक्र मिळालं, ते सगळ्या देशाने बघितलं. पण अंथरुणावर गेलेल्या रिटायर्ड माणसासाठी तसं होईलच असं धरून बसू नका. शेवटच्या पोलीस ठाण्यात एक फोन मात्र जरूर करा, ठाणे अंमलदाराला नाव, नंबर, अंत्ययात्रेची वेळ सांगा. आम्ही केला. ड्युटी संपवून पाच जण गणवेशातच आले, ज्यांनी अण्णांना कधी पाहिलंही नव्हतं असे दोन पोरगे त्यात होते, आणि खांदा देताना टोपी काढून एकाने ती दुसऱ्याकडे दिली.

वडील अजून हयात असतील तर हे सगळं आजच सुरू करा. नोव्हेंबरमध्ये दाखल्यासाठी त्यांच्यासोबत जा, जाताना पीपीओवरची नावं आणि आधारवरची नावं ताडून बघा, परत येताना त्यांच्या जुन्या पोलीस ठाण्यावरून गाडी घ्या आणि तिथे चहाला थांबा. टपरीवर बसल्यावर बोलतात. घरी सोफ्यावर बसवून मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं की गप्प होतात, मी करून बघितलंय.

शेवटचं एक काम जे कुणी सांगत नाही. रिटायर झाल्यावरही पोलिसाला जुन्या केसमध्ये साक्षीसाठी समन्स येत राहतात, आणि गेल्यावरही येतात, कारण कोर्टाला कळलेलं नसतं. घाबरू नका आणि परत पाठवू नका. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स द्यायची, समन्स घेऊन आलेला अंमलदार साक्षीदार मयत असा रिपोर्ट लिहितो, घरच्या कुणाची तरी सही घेतो आणि कोर्टात सादर करतो. म्हणून दोन झेरॉक्स दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये कायम ठेवा.

आमच्याकडे असा एक तरुण अंमलदार चौथ्या महिन्यात आला. दारात उभं राहून त्याने अण्णांचं नाव रँकसकट वाचलं, आई म्हणाली ते गेले बाळा, आत ये. तो बूट काढून आत आला, पाणी प्यायला, रिपोर्ट लिहिला, काकू इथे सही करा म्हणाला. आईने सही करायच्या आधी विचारलं, केस कसली आहे रे? त्याने कागद उलटा करून बघितला. घरफोडी आहे काकू, २००९ ची, साहेबांनी पंचनामा केला होता. आई म्हणाली, मुद्देमाल मिळाला होता का त्या लोकांना? तो म्हणाला हो, मिळाला होता, दागिने सगळे. मग तिने सही केली.